तिसरा ठोका

१

गाठ बघून माशी ओळखता येत नाही. हे वाक्य रीता पवनीच्या कॉलेजात दरवर्षी इतक्यांदा म्हणायची, की मागच्या बाकावरची मुलं ते तिच्याआधीच म्हणून टाकायची. तिला राग येत नसे. निदान एवढं तरी डोक्यात राहिलं, असं म्हणून ती फळ्याकडे वळायची.

तळ्याकाठच्या देवनळाच्या, म्हणजे बोरूसारख्या उंच गवताच्या, शेंड्यात एक बारीकशी माशी अंडं घालते. आतली अळी शेंडा कुरतडते आणि नळाची वाढ तिथेच खुंटते. पानं मोकळी होण्याऐवजी एकावर एक घट्ट गुंडाळली जातात आणि बोटाएवढी जाड, वर निमुळती होत गेलेली गाठ तयार होते. अळीला घर हवं असतं, ते नळ आपल्या अंगाचं करून देतो. ही गाठ ब्लेडने उघडली तर आतली अळी मरते, आणि ओळख पटायची ती राहूनच जाते. म्हणून काडी उभी करून ठेवायची, वर मलमल बांधायची आणि वाट बघायची. बाहेर येईल तेव्हा कळेल कोण होतं. तेही दर वेळी खरं नाही, कारण कधी त्या अळीवर पोसलेली गांधीलमाशीच बाहेर पडते. गाठ एकीची असते आणि निघते दुसरी.

पीएचडीसाठी रीताला अशा माशांच्या चार जाती हव्या होत्या. तीन सापडल्या होत्या. चौथीसाठी तिने चार वर्षं भंडारा जिल्ह्यातली तळी पालथी घातली, आणि या माघात आसगावच्या पलीकडे टेकचंदच्या शेताला लागून असलेल्या बोडीवर, म्हणजे तिथल्या छोट्या तळ्यावर, तिला हव्या तशा गाठी दिसल्या. तिने साठ काड्या कमरेएवढ्या कापल्या आणि स्कूटीला आडव्या बांधून घरी आणल्या. ऊन लागू नये म्हणून त्या मागच्या खोलीत, वाळू भरलेल्या डब्यांत उभ्या केल्या हातमागाच्या खांबाला टेकवल्या आणि सगळ्यांवर मिळून एकच मलमल बांधली. घरात तेवढीच खोली थंड होती.

२

माग तिच्या वडिलांचा, भोजराजचा. ते जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांनी अर्धं विणलेलं लुगडं आईने, जानकीबाईने, मागावरून कापू दिलं नव्हतं. माग खड्ड्याचा होता. विणणारा काठावर बसून पाय खाली खड्ड्यात सोडतो, तसला. माग बंद पडल्यापासून रीता त्या खड्ड्यात आपला पालापाचोळा टाकायची आणि आठवड्यातून एकदा झाडून काढायची.

जानकीबाईला ऐकू येत नसे. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेली, आणि कान पुरते कधी गेले याचा हिशेब तिने ठेवला नव्हता. कान जाऊ लागले त्या साली, म्हणजे पंचवीसेक वर्षांपूर्वी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा, भोजराजने एक युक्ती केली होती. मागाच्या खांबाला सागाची लांब बल्ली ठोकली आणि ती भिंतीतून आरपार ओसरीत काढली. जानकीबाई ओसरीत त्याच बल्लीला पाठ टेकून चरख्यावर कांड्या भरायची. आडव्या सुताची कांडी संपली की भोजराज धोट्याने खांबावर दोन ठोके द्यायचा. ते तिला पाठीत कळायचे. ती तीन ठोके द्यायची, म्हणजे आली, आणि टोपली घेऊन निघायची.

भोजराज गेल्यावर ही बोली मायलेकींत आली. रीता कॉलेजातून आली की खांबावर दोन ठोके: माय, बरी आहेस ना? ओसरीतून तीन: आहे. जानकीबाईचं उजवं बोट आखडलेलं होतं, त्यामुळे तिसरा ठोका मागे पडायचा. कधी थोडा, कधी जास्त. तो तिसरा ठोका आला की रीताचा दिवसभराचा जीव भांड्यात पडायचा. दुसरं कोणी घरात नव्हतं, आणि चुलीपाशी माय पडली तरी हाक मारून कळणार नव्हतं.

३

या माशांमध्ये नर काडीवर बसून अंग थरथरवतो. आवाज नाही, नुसती थरथर. मग तो थांबतो. त्या काडीवर मादी असेल तर ती उलट थरथरून उत्तर देते. उत्तर नाही आलं तर नर पुढच्या काडीवर जातो आणि पुन्हा विचारतो. प्रत्येक जातीची विचारण्याची लय निराळी, म्हणून ओळखायलाही ती उपयोगी पडते. रीताने रुपयाएवढी धातूची चकती तारेने कानातल्या बोंडांना जोडली होती. चकती काडीला चिकटवली की ते बोलणं ऐकू यायचं.

आठव्या दिवशी सकाळी पहिला नर बाहेर पडला. काळपट, तांदळाच्या दाण्याएवढा. रीताने श्वास धरून ऐकलं. लय नवीन होती, तिने आजवर न ऐकलेली. चौथी जात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एकटीनेच ती हसली.

नर एक काडी सोडून दुसरीवर, तिसरीवर जात होता. सतराव्या काडीवर त्याला उत्तर आलं.

रीताने चकती काढून पुन्हा लावली. सतराव्या काडीला लाल सूत बांधलेलं होतं, आणि लाल सुताचा अर्थ तिचाच होता: ही गाठ उघडून झाली आहे. आत अळी आहे की नाही हे पाहायला तिने चार दिवसांपूर्वी ती ब्लेडने चिरली होती. आत काहीच नव्हतं. नुसती पोकळी, पुसून घेतल्यासारखी स्वच्छ आणि पांढरी.

उत्तर मात्र चोख येत होतं. नराने विचारलं, काडीने सांगितलं. तो चालत गाठीपर्यंत गेला आणि चिरेतून आत शिरला. मग थरथर थांबली. रीताने दहा मिनिटं वाट पाहिली, गाठ बोटांनी उकलली. नर नव्हता. पंख नव्हता, पाय नव्हता. उडून गेला असेल, ती स्वतःशी म्हणाली, आपली पापणी लवली तेव्हा. पण मलमल बांधलेली होती आणि मलमलीच्या आत काही उडत नव्हतं. तिने ती काडी मोडून खड्ड्यात टाकली आणि कॉलेजात गेली. दिवसभर शिकवण्यात तिचं लक्ष लागलं नाही.

४

संध्याकाळी उन्हं असतानाच ती परतली. मागच्या दाराने आत आली आणि सवयीने खांबावर दोन ठोके दिले.

तीन आले. तिसरा मागे पडलेला. रीताने पिशवी ठेवली आणि ओसरीच्या दारात गेली.

जानकीबाई चरख्यावर होती, गावातल्या दुसऱ्या मागवाल्यांच्या कांड्या भरत. डाव्या हातात सूत ताणलेलं, उजव्या हाताने चाक फिरत होतं. कांडी अर्ध्याच्या वर भरली होती आणि सुताला कुठे तूट नव्हती. दोन्ही हात गुंतलेले. रीता तिथेच उभी राहिली आणि मागे हात नेऊन तिने बल्लीवर पुन्हा दोन ठोके दिले. आईच्या हातातलं चाक फिरतच होतं, तेवढ्यात तीन आले.

रीता समोर जाऊन बसली. तोंडासमोर सावकाश बोललं की जानकीबाईला समजायचं.

"माय, तू आता ठोके देल्ले?"

"मी कायले देऊ? माहे दोनी हात गुंतले हायेत, दिसत नाही का तुले?" जानकीबाई बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली. मग चाक थांबवून तिने लेकीकडे पाहिलं. "अन् तू काहून चेष्टा करून राहिली माही? दुपारून चारदा ठोकलं. मी टोपली घेऊन गेली तं खोलीत कोनी नाही."

"मी दुपारी कॉलेजात होती, माय."

"मंग कोनं ठोकलं?"

रीता म्हणाली, उंदीर असतील. लाकूड उन्हाने तडकत असेल. जानकीबाईने मान हलवली, पण पाठ बल्लीपासून जराशी पुढे घेऊन बसली. रीताला ते दिसलं.

५

रीता शास्त्राची बाई. घाबरली तरी मोजल्याशिवाय राहणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने चकती बल्लीला चिकटवली, रेकॉर्डर चालू केला, आणि आईला शेजारी शकुनबाईकडे बसवून कॉलेजात गेली. घराला कुलूप होतं. दुपारी येऊन तिने ते ऐकलं.

पहिला तास नुसती शांतता. मग तीन ठोके, सरळ, सारख्या अंतराने. थोड्या वेळाने पुन्हा तीन, तिसरा उगाच फार लांबलेला. पुन्हा तीन. पुन्हा तीन. तिसरा ठोका अलीकडे येत गेला, थोडा पलीकडे गेला, मग नेमका आईच्या जागी येऊन बसला. कोणीतरी घटवत होतं, मुलं पाढे घटवतात तसं. बरोबर जमल्यावर थोडी विश्रांती झाली, आणि दोन ठोके आले. ते रीताचे होते. तिचा पहिला ठोका जोरात असतो आणि दुसरा हळू, हे तिला स्वतःलाही तोपर्यंत माहीत नव्हतं.

तिने संगणकावर अंतरं मोजली. आईचा तिसरा ठोका रोज वेगळा पडतो; बोट आहे ते, थंडीत जास्त आखडतं. हा तिसरा ठोका एकदा जमल्यावर बावीस वेळा आला होता आणि बावीस वेळा केसाचाही फरक नव्हता. उंदीर असं करत नाही. लाकूडही करत नाही.

तिला सतरावी काडी आठवली. नराने ज्या लयीत विचारलं त्याच लयीत मिळालेलं उत्तर. ज्याने उत्तर दिलं ती मादी नव्हती, माशीच नव्हती. जो ज्या बोलीत विचारेल त्याला त्याच बोलीत ओ द्यायची, एवढंच त्याला येत होतं. आणि गेले नऊ दिवस रीताने त्या काड्या मागाच्या खांबाला टेकवून ठेवल्या होत्या. आपल्या घरातली बोली तिनेच त्याला ऐकवली होती.

त्या दुपारी तिने आईचे दोन्ही हात धरले.

"माय, आता ठोका आला तं उठाचं नाही. उत्तर द्याचं नाही. मी ठोकलं असं वाटलं तरी नाही."

"अन् तू खरंच ठोकलं तं?"

"मी नाही ठोकत आता. मी समोर येऊन सांगन."

जानकीबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. पोरगी भ्याली आहे एवढं तिला कळलं, कशाला ते कळलं नाही. "वीस-पंचवीस वर्स झाले, रीता," ती म्हणाली. "पाठीत ठोका लागला का पाय आपसूक उठतेत. तुह्या बाबाले मी कधी दुसरा आवाज द्यू देल्ला नाही."

"मले पाहिजे तू, माय," रीता म्हणाली. "मले तुह्याशिवाय कोन आहे?"

आईने तिच्या गालावरून आखडलेलं बोट फिरवलं आणि हो म्हटलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी रीताने सगळ्या काड्या बांधल्या. चार वर्षांची मेहनत आणि चौथं नाव त्यात होतं, पण तिने मागेपुढे पाहिलं नाही. आईला बरोबर नेता आलं असतं तर नेलं असतं. स्कूटीवर काड्यांनंतर जागा उरली नव्हती. शकुनबाईकडे सकाळीच कुलूप होतं. मागाच्या खोलीला तिने बाहेरून कुलूप घातलं. त्याची दुसरी किल्ली आईच्या कमरेला असते, हे तिच्या लक्षातच आलं नाही. जे काय आहे ते आपण बरोबर घेऊन चाललो आहोत, असं तिला वाटत होतं.

बोडीवर टेकचंद बांधावर बसून खुरपं घासत होता. काड्या परत आलेल्या बघून त्याला हसू आलं.

"काहून बाई, पसंत नाही पडले का आमचे नळ?"

"काम झालं, भाऊ."

"न्या म्हनलं तं सारेच न्या. आमाले बी तरास कमी होते." त्याने बोडीकडे खुरपं दाखवलं. "माही म्हैस त्या बांधावर चरून राहाची अन् तिची लाकडी घंटी या नळात वाजाची. मी पानी तुडवत जाओ, तं इथं म्हैस नाही. मागच्या साली वगार गेली माही. मायची घंटी ऐकून नळात शिरली, ते निंघालीच नाही. बिबट असंन, दुसरं काय?"

रीताने काड्या पाण्यात ढकलायला सुरुवात केली. ढकलता ढकलता ती सवयीने मोजत होती. एकोणसाठ झाल्या. हातात काही उरलं नाही. लाल सुताची काडी त्यात नव्हती. ती तिने स्वतःच्या हाताने मोडून मागाच्या खड्ड्यात टाकली होती.

स्कूटी चालू करताना तिच्या हातातून किल्ली दोनदा पडली. टेकचंदने काहीतरी विचारलं तेव्हा ती बांधावरून वळलीही होती.

७

ओसरीत चरखा थांबलेला होता. कांड्यांची टोपली जागेवर नव्हती. भर बाराचं ऊन अंगणात पडलं होतं, आणि मागाच्या खोलीचं कुलूप कडीला उघडं लोंबत होतं.

"माय," रीताने हाक मारली. हाक मारण्यात अर्थ नाही हे ठाऊक असून तिने पुन्हा मारली.

टोपली खड्ड्याच्या काठावर होती, भरलेल्या कांड्या नीट रचलेल्या. मागावरचं अर्धं लुगडं आता मागावर नव्हतं. ताण्याचं उभं सूत न् सूत खाली ओढलं गेलं होतं. कौलाच्या काचेतून पडणारा उजेड खड्ड्यात तिरपा जात होता, आणि रीताला तिथे जायचं नव्हतं. ती खांबाला धरून उभी राहिली आणि जे करणार नाही म्हणून तिने शब्द दिला होता तेच केलं. बहिऱ्या आईपर्यंत पोचायची दुसरी वाट तिच्याकडे नव्हती.

दोन ठोके.

उत्तर नाही. रीताला वाटलं, बरं झालं. माय ऐकते आहे माझं, उत्तर देत नाही, कुठेतरी बसली असेल. मग तिची नजर पुन्हा टोपलीवर गेली. तिने पुन्हा दोन ठोके दिले.

खड्ड्यातून तीन आले. तिसरा मागे पडलेला.

ती काठाशी गेली आणि वाकली. खड्ड्यात बसलेल्या माणसाएवढं काहीतरी होतं. लुगड्याचं कापड त्याला गुंडाळलेलं होतं, त्यावर नळाची पानं, पुन्हा कापड, पुन्हा पानं, एकावर एक घट्ट, आणि वरचं टोक निमुळतं होत काठापर्यंत आलेलं. खाली एका घडीतून हिरवा काठ दिसत होता. जानकीबाई सकाळी हिरव्या काठाचंच पातळ नेसली होती. तेवढंच दिसलं, आणि रीताने तोंडावर हात दाबला.

खिशात ब्लेड होतं. ते कधी काढलं, गुडघ्यावर कधी बसली, तिला कळलं नाही. तिने धार पहिल्या घडीला लावली. आत थरथर होती, ती एकदम बंद झाली.

गाठ उघडली तर आतलं मरतं. हे तिने किती वर्गांना सांगितलं होतं. शेजाऱ्यांना ओरडून बोलवावं, गल्ली गोळा करावी, असं तिच्या घशापर्यंत आलं. पण माणसं येतील ती विळे घेऊन येतील, आणि पहिल्यांदा हेच फाडतील. तिने ब्लेड मागे घेतलं आणि खांबावर दोन ठोके दिले. पहिला जोरात पडला आणि दुसरा हळू.

एक. दोन. तिसरा फार उशिरा आला.

तिने पुन्हा विचारलं. या वेळी तिसरा लवकर आला. पुन्हा विचारलं, उशिरा. दर वेळी निराळं. हे माह्या मायचं बोट आहे, ती पुटपुटली, आखडलेलं बोटच असं करतं. आणि त्याच श्वासात तिला सुचलं, की रोज निराळं करणं हेही शिकता येतं. तिनेच तर कितीदा विचारलं होतं. दर प्रश्नाला ते ऐकत होतं.

गाठ बघून ओळखता येत नाही. बाहेर येईल तेव्हाच कळतं.

कोपऱ्यात मलमलीचा तागा होता. हातांना काम ठाऊक होतं. तिने खड्ड्यावर मलमल अंथरली, चारी टोकं मागाच्या खुंट्यांना बांधली, गाठी तपासल्या. मग खोलीतच, खड्ड्याकडे तोंड करून, बल्लीला पाठ टेकून बसली, माय ओसरीत बसायची तशी. माय, भिऊ नको, मी हाओ, असं ती म्हणत राहिली, पण ते ऐकायला कान नव्हते हे तिला माहीत होतं. ऊन अंगणातून ओसरीच्या पायरीपर्यंत आलं.

मग तिच्या पाठीत ठोका लागला. एक जोरात, एक हळू. दोनच. आता ते विचारत होतं.

उत्तर देईल त्याच्याकडे विचारणारा येतो. रीताला हे कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. आणि आत माय असेल, आणि इतकी वर्षं एकाही ठोक्याला उत्तर दिल्याशिवाय न राहिलेली ती माय आज पहिल्यांदा विचारत असेल, तर?

तिने बल्लीवर एक ठोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्यासाठी बोट उचलून ती थांबली, तेव्हा खड्ड्यावरची मलमल खालून हलकेच वर आली.